तीस मिनिटांचा विसावा

७ जानेवारी, मंगळवार

धाकटे,

माझ्याकडे तीस मिनिटं आहेत. नळ्या सदतीस अंशांच्या पाण्यात ठेवल्यात, टायमर लावलाय, आणि तो वाजेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. तेवढ्यात हे लिहून होईल. दहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितेय ते कामापुरतं, तेव्हा पाकीट बघून लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. पत्ता मावशीने दिला. देण्याआधी तीनदा विचारलं, ‘भांडणार नाहीस ना तिच्याशी?’ मी म्हटलं, मावशी, भांडायला अंगात जोर लागतो.

काम असं आहे. दहा वर्षांच्या वरच्या सगळ्या प्रयोगवह्या रद्दीत काढायच्या, असं संस्थेचं पत्र आलंय. यादी करायचं लचांड अर्थातच माझ्या गळ्यात. तळघरातल्या लोखंडी कपाटात तुझ्या सात वह्या आहेत. निळे पुठ्ठे, पाठीवर तुझ्या किरट्या अक्षरात ‘धाकटी १’पासून ‘धाकटी ७’पर्यंत. प्रयोगशाळेत मी सगळ्यांची ताई, म्हणून तू सगळ्यांची धाकटी. सरांनीसुद्धा तुझं खरं नाव कधी घेतल्याचं आठवत नाही. तर वह्या हव्या असतील तर कळव, पार्सल करते. नको असतील तर तसं कळव. मार्चअखेर कपाट रिकामं करायचंय.

मी अजून तेच करते. मंगळवारी आणि शुक्रवारी पहिली पाळी सुटली की शेजारच्या छापखान्यातली माणसं रक्त द्यायला येतात, साडेतीनला. दहा दिवसांत दुखण्याची गोळी घेतली का ते विचारायचं. रक्त काढायचं, पहिली नळी टाकून द्यायची, कारण सुई टोचल्याचा धक्का तिच्यात उतरलेला असतो. मग फिरवायचं, प्लेटलेट्स वेगळ्या करायच्या, धुवायच्या, परत फिरवायच्या, आणि विसावायला ठेवायच्या. सेंट्रिफ्यूज तेच जुनं आहे. झाकणाला अजून चिकटपट्टी लावलीय, ती तू लावलेली नाही, मी नंतर बदलली. माझे गुडघे गेलेत. मेअखेर निवृत्त होतेय.

मावशी म्हणाली, तू तिकडे आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवतेस. शिकव. बाबा गेल्यावर तू आलीस ती दोन दिवस, आणि त्या दोन दिवसांत आपण फक्त घरच्या कपाटाच्या किल्लीबद्दल बोललो. ते मी विसरलेले नाही. पण म्हटलं ना, भांडायला लिहीत नाहीये.

टायमर वाजेल आता. वह्यांचं कळव.

ताई


१० जानेवारी, शुक्रवार

धाकटे,

तीन दिवसांत तुझं उत्तर येईल अशी काही मी आस लावून बसले नव्हते. पण नळ्या पाण्यात आहेत आणि हात रिकामे आहेत. पहिल्या पत्रात एक गोष्ट सांगायची टाळली, ती दोन दिवस डोक्यात भुणभुणतेय.

इथे एक नवीन संशोधक आहे. येऊन दोन वर्षं झाली तरी सगळे तिला ‘नवी’च म्हणतात. हुशार आहे, जरा फटकळ. आज सकाळी तिचा शांत नमुना बिघडला. ज्याला काहीच लावलेलं नसतं, तो. त्यात ॲक्टिनचे तंतू पन्नास टक्क्यांच्या वर निघाले. तिने प्रथिनांचे पट्टे उमटलेलं जेल टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, ‘घ्या, आज धाकटी झाली.’

इथे तसंच म्हणतात, गं. कुणाचाही शांत नमुना चढा निघाला की धाकटी झाली. तू गेल्यावर सहा महिन्यांत सुरू झालं आणि आता ते कुठून आलं हेही कुणाला माहीत नाही. नवीला वाटतं, दूध नासतं तसा नमुना ‘धाकटी होतो’. मी काही बोलत नाही. सहाएक वर्षांपूर्वी एकदा माझ्याच तोंडून गेलं. सगळे हसले, मीही हसले. नंतर भांडी धुवायच्या खोलीत जाऊन किती वेळ नळ सोडून उभी राहिले.

तुला हे शिकवायला मी कोण, पण तूच मला शिकवलंस म्हणून माझ्या भाषेत लिहिते. प्लेटलेट शांत असते तेव्हा चपटी असते, बशीसारखी, कडेने बारीक नळ्यांचं एक कडं. आतलं ॲक्टिन, म्हणजे पेशीला आकार देणारं प्रथिन, अर्ध्याहून जास्त सुटं पडलेलं. गुठळी करायला उठवणाऱ्या थ्रोम्बिनचा थेंब लागला की पंधरा सेकंदांत तो चपटेपणा जातो. कडं आक्रसतं, पेशी गोल होते, तिला चहूकडे बोटं फुटतात, मग ती पसरते. सुट्या ॲक्टिनचे दोर वळले जातात. आणि ते कुणी वळायचे, कुणी कापायचे, कधी थांबायचं, याला प्रत्येकाला नेमून दिलेलं काम. कोफिलिन म्हणजे कात्री. त्याच्यावर फॉस्फेट बसलं की कात्री मिटलेली, उतरलं की उघडी. तुझं सगळं काम त्या कात्रीवर होतं.

आणि ते तू का घेतलंस तेही मला माहीत आहे. बाबांच्या डोक्यात गुठळी झाली, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दवाखान्याच्या बाकावर तू मला विचारलंस, ‘ताई, लागलेलं नसताना ह्या पेशी उठतात कशाला?’ मी रडत होते आणि तुला प्रश्न पडला होता. तेव्हा तुझा राग आला होता मला. नंतर वाटलं, ती तुझी रडायची तऱ्हा असेल.

पुढचं लिहायला आज वेळ नाही. खरं म्हणजे अकरा मिनिटं आहेत. पण नाही.

ताई


२१ जानेवारी, मंगळवार

धाकटे,

तुझं उत्तर नाही. बरंच आहे. उत्तर आलं असतं तर हे लिहायचा धीर झाला नसता.

त्या वेळचं आपलं वेळापत्रक आठव. रक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि नेमका त्याच दोन दुपारी तुझा कॉलेजातला वर्ग, चार ते सहा. म्हणून प्लेटलेट्स मी तयार करायच्या, नमुने गोठवून ठेवायचे, आणि जेल, मोजणी, आकडे तू दुसऱ्या दिवशी करायचीस. धुऊन-फिरवून होईपर्यंत पाच वाजायचे. मग तीस मिनिटं विसावा. मग वाटप, एक नळी तशीच, बाकीच्यांना थ्रोम्बिन, गोठवणं, म्हणजे आणखी वीस मिनिटं. सुटका पाच पन्नासला. आणि बाबांना सांभाळणाऱ्या बाई सव्वासहाला निघायच्याच. एक मिनिट थांबायच्या नाहीत, त्यांचंही घर होतं. मला पाच पस्तीसची बस मिळायला हवी होती. त्यानंतरची सहा दहाची, घरी पोचायला पावणेसात.

एकदा मी त्या सहा दहाच्या बसने गेले. बाबा पलंग आणि भिंतीच्या मधे पडलेले होते. अर्धा तास. कपडे ओले झालेले. माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिटून घेतले, लाजेने. मी तुला सांगितलं, ‘आज जरा पडले, पण ठीक आहेत.’ तू जेवता जेवता वही वाचत होतीस, ‘हं’ म्हणालीस.

त्यानंतर मी वेळ चोरायला लागले. सुईने टोचून, नळीत फिरवून, धुवून दमलेल्या त्या पेशींचा विसावा, तो मी कापला. आधी तीसचे पंचवीस केले. काही बिघडलं नाही. मग वीस. शेवटी बारा. बारा मिनिटांत उचललं की पाच बत्तीसला कोट खुंटीला आणि मी धावत फाटकाबाहेर. कागदावर मात्र तीस. प्रत्येक कागदावर, चौदा महिने, माझ्या सहीनिशी. मला वाटलं, त्यांना काय कळतंय, बारा काय आणि तीस काय. हाताळणीने चाळवलेल्या पेशी असतात त्या, त्यांना परत निजायला वेळ लागतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. सत्तावीस वर्षांचा अनुभव होता तेव्हा. मला ते माहीत असण्याची फुरसत नव्हती.

आणि तुझे आकडे यायला लागले. शांत नमुन्यात चाळीस टक्के तंतू असायला हवेत, तिथे अठ्ठावन्न. कोफिलिनवरचं फॉस्फेट आधीच अर्धं उतरलेलं. तू घरी आलीस ती उड्या मारत. ‘ताई, ह्या कधी शांत नसतातच. सगळ्यांना वाटतं निजल्यात, पण कात्री आधीच उघडी असते.’ बाबांनासुद्धा सांगितलंस, त्यांच्या डाव्या हाताची बोटं मिटवून-उघडून. मी पोळ्या करत होते. तेव्हाच मला माझी बारा मिनिटं आठवली होती. तेव्हाच.

मग तू ते परगावी परिषदेत वाचून दाखवलंस, छापून आलं, आणि दोन ठिकाणच्या लोकांना चाळीसच मिळाले. परत चाळीस. चौकशी बसली. तिघेजण होते, सर आणि दोघे बाहेरचे. मला विचारलं, ‘विसावा पूर्ण दिला होता?’ तू माझ्या शेजारी बसली होतीस. टेबलाखालून तू माझा हात घट्ट दाबलास. मला कळलं, तू आधार मागतेस, ताई खरं बोल म्हणतेस.

मी म्हटलं, ‘हो.’

त्यांनी लिहिलं, कृतीत दोष आढळला नाही, आकडे कृतीशी जुळत नाहीत. म्हणजे आकडे तू रचलेस. तुझी पदवी थांबली, तू नोटीस येण्याआधीच राजीनामा दिलास. त्या दिवसापासून मी एकदाही तीसच्या खाली गेले नाही. शेजारच्या काकूंना घराची किल्ली दिली, त्या सव्वासहापासून मी येईपर्यंत बाबांजवळ बसायच्या, पेपर वाचत. इतकं सोपं होतं ते. चौदा महिने मला कुणाकडे तोंड उघडून मदत मागता आली नाही. आणि तू गेलीस नि आकडे सुधारले, तसे सगळे म्हणाले, बघा.

मी तुझ्यावर रागावले होते दहा वर्षं. बाबांना माझ्या गळ्यात टाकून गेलीस म्हणून. तो राग मला फार उपयोगी पडला.

टायमर मघाशीच वाजला. आजच्या नळ्यांना तेहेतीस मिनिटं मिळाली.

ताई


४ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटे,

नुसतं कबूल करून काय होतं. उद्या कुणी म्हणेल, म्हातारी बहिणीला वाचवायला बघतेय. म्हणून करून बघायचं ठरवलं, स्वतःच्या रक्तावर. पण मी गुडघ्यांची गोळी रोज घेते, आणि गोळी घेतलेल्याचं रक्त आपल्या कामाचं नाही. दहा दिवस बंद केली. काय सांगू, जिना उतरताना आई आठवायची. शनिवारी नवीने रक्त काढलं. तिला वाटलं मी हौसेने देतेय. माझी शीर सापडेना, तीन वेळा टोचलं, ‘ताई, तुम्ही शिरासुद्धा कुलपात ठेवता,’ म्हणाली.

एका भागाला तीस मिनिटं दिली, एकाला बारा.  काल जेल धुवून निघालं. तीसचा एक्केचाळीस. बाराचा सत्तावन्न. कोफिलिनवरच्या फॉस्फेटचा पट्टा बघितला, तोही तसाच, तीसवर भरदार, बारावर अर्धा पुसलेला. अगदी तुझ्या छापलेल्या चित्रासारखा. त्याच दिवशी नवीच्या रक्तावरही केलं होतं. तेच.

नवीने दोन्ही शेजारी धरले आणि म्हणाली, ‘ही तर धाकटी झाली.’

मी म्हटलं, ‘बस. धाकटी कशी होते ते सांगते.’

सगळं सांगितलं.  तुझ्याबद्दल ऐकलं तेव्हा तिचा चेहरा उतरला, बिचारीने दोन वर्षं तुझं नाव शिवीसारखं वापरलेलं. मग म्हणाली, ‘ताई, त्यांचं खरं नाव काय?’ दहा वर्षांत ते विचारणारी ती पहिली. मी सांगितलं. तिने जेलच्या कडेला तुझं पूर्ण नाव लिहिलं आणि तारीख घातली.

उद्या सरांना सांगणार आहे. गुडघ्यांची गोळी आजपासून परत सुरू केलीय.

ताई


७ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटे,

सरांनी ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. ‘ताई, आता कशाला? तुमचे चार महिने राहिलेत. माझी पुढच्या वर्षी निवृत्ती. तो लेख आपण तेव्हाच मागे घेतला. ती मुलगी तिकडे स्थिरावली असेल. कुणाचं काय अडलंय?’ वाईट माणूस नाही तो. दमलाय, माझ्यासारखाच. आणि खरं सांगू, मलाही एक क्षण हायसं वाटलं. सांगून झालं, त्यांनीच नको म्हटलं, आता माझी जबाबदारी नाही. हात झटकून मोकळी.

मग म्हटलं निदान तुझी सातवी वही वर आणून ठेवू, आकडे जुळवायला लागतील. तळघरात गेले. ती वही मी कधी उघडली नव्हती. शेवटची लिहिलेली पानं चौकशीच्या आधीच्या रविवारची आहेत.

तू काय लिहिलंयस ते तुला माहीत आहे. तरी इथे उतरवते, कारण पाचदा वाचूनही माझा विश्वास बसत नाहीये. ‘रक्त स्वतःचं. विसावा ३० मि. : ४०. विसावा १२ मि. : ५९.’ खाली पेन्सिलीने, अगदी बारीक, ‘शुक्रवारी वर्ग लवकर सुटला. ५.१५ला आले तर नळ्या बर्फात होत्या.’ आणि त्याच्याखाली नुसतं, ‘५.३५ची बस.’

बस. एवढंच. पुढे पानं कोरी.

म्हणजे तुला माहीत होतं. चौकशीत माझ्या शेजारी बसलीस तेव्हा तुझ्याकडे उत्तर होतं, पुरावा होता, वही पिशवीत होती. तो हात तू आधारासाठी दाबलाच नव्हतास. गप्प बस, असं सांगत होतीस मला. माझी नोकरी गेली तर बाबांचं काय, हा हिशोब तू करून आली होतीस, आणि त्यात स्वतःला धरलंच नव्हतंस. मी ‘हो’ म्हटलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, ते मी दहा वर्षं आरोप म्हणून वागवलं.

तुझा मला इतका राग आलाय की लिहिताना पेन कागदात रुततंय. तुला कुणी सांगितलं होतं? धाकटीने मोठीसाठी एवढं करायचं नसतं, ते उलटं असतं. निदान मला एकदा बोलली असतीस. बाबा पडल्याचं सांगितलं तेव्हा ‘हं’ म्हणालीस आणि मी ते ‘हं’ मनात धरून बसले. तू तेव्हाही ऐकलं होतंस, हो ना?

मी खाली तळघरात खोक्यावर बसून रडले. शिपायाने वर येऊन सांगितलं की ताईंचे गुडघे धरलेत बहुतेक. सगळ्यांनी मिळून मला वर आणलं.

ताई


१८ मार्च, मंगळवार

धाकटे,

तुझं पाकीट मागच्या महिन्यातच मिळालं. चार ओळी, अक्षर अजून तसंच किरटं. ‘सांगू नकोस. चार महिने राहिलेत, शांतपणे घरी जा. मला मुलं आवडतात. वह्या रद्दीत टाक.’ आणि शेवटी, ‘बाबा त्या दिवशी किती वेळ पडले होते?’

ते मी पहिल्या खेपेला तुला सांगितलं नव्हतं, म्हणून तू दहा वर्षं तोच एक आकडा शोधत राहिलीस. पत्रात लिहिलंच आहे, पण परत लिहिते. अर्धा तास. त्याहून जास्त नाही.

बाकीच्या तीन गोष्टी मी ऐकल्या नाहीत. मोठी मी आहे.

सरांकडे परत गेले, वही घेऊन. त्यांनी ती पेन्सिलीची ओळ वाचली आणि वही मिटली. मग म्हणाले, ‘मी नळ्यांचे कागद तपासले. माणसांना काही विचारलंच नाही.’ अर्ज त्यांनीच लिहिला. काल चौकशी झाली. ह्या खेपेला तिघांतला एक तोच होता, जो तेव्हा बाहेरून आला होता. पार थकलाय, कानाला यंत्र लागलंय. त्याने अगदी त्याच शब्दांत विचारलं, ‘विसावा पूर्ण दिला होता?’

मी म्हटलं, ‘नाही. बारा मिनिटं.’

त्याला ऐकू गेलं नाही. परत विचारलं. मला मोठ्याने सांगावं लागलं, दाराबाहेर शिपायाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ‘का?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘बस चुकायची.’ मधे बसलेल्या बाई मान खाली घालून लिहीत होत्या, त्यांनी पेन थांबवलं. त्यांच्याही घरी कुणीतरी असावं.

तुझ्यावरचा शेरा काढून टाकलाय. त्याचं पत्र तुला येईल, माझं नाव त्यात आहे. पदवीसाठी तू परत अर्ज केलास तर विचार करू म्हणतात. करायचा की नाही ते तू ठरव, मी आता तुझ्या वतीने काही ठरवणार नाही. मला मेपर्यंत ठेवलंय, नळ्या मीच ठेवायच्या, पण कागदावर सही नवीची. माझी सही आता चालत नाही. आज पहिल्यांदा तिने सही केली तेव्हा मला जरा लागलं. मग बरंही वाटलं, एक ओझं कमी.

सातही वह्या बांधून ठेवल्यात. रद्दीच्या यादीतून मी त्या खोडल्या. तिथे कारण लिहायचं असतं, मी लिहिलं, ‘बरोबर आहेत.’

आणि एक. आज दुपारी पलीकडच्या टेबलावर कुणाचा तरी शांत नमुना चढा निघाला. त्याने जेल वर धरलं आणि तोंड उघडलं तेवढ्यात नवी म्हणाली, ‘आज ताई झाली.’  सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीच आधी हसले, मग ते हसले. आता तेच नाव पडेल, माझ्यामागेही राहील. राहू दे.

नळ्या पाण्यात आहेत. टायमर अजून नऊ मिनिटं दाखवतोय. लिहायचं काही उरलेलं नाही, तरी मी उठत नाहीये.

ताई